अठ्ठाविसावा क्षार आणि मामाचा हुक

४ जानेवारी

चि. चौकशी हिस,

आशीर्वाद. नेहमीसारखे ‘अनेक’ लिहीत नाही, कारण मागच्या पत्राला तू दीड महिना उत्तर दिलेलं नाहीस. सध्या एकच घे, बाकीचे उत्तर आल्यावर.

तुला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली असं तुझ्या आईने सांगितलं. मग कळलं की प्रयोगशाळा नव्हे, तिथलं एक टेबल मिळालंय. तुझ्या मामीने आणखी खोदून विचारलं तेव्हा ते अर्धं टेबल निघालं. असो. मीही अर्ध्या शेडमध्येच दुकान काढलं होतं. उरलेल्या अर्ध्यात एक माणूस छत्र्या दुरुस्त करायचा.

तुझी आई म्हणते, तू पाण्यात वीज सोडून बुडबुडे काढतेस आणि त्याचा पगार घेतेस. अगं, एकेचाळीस वर्षं मी निकेलच्या टाकीवर उभा राहिलो तो बुडबुड्यांच्या नावाने बोटं मोडत. वस्तूला बुडबुडा चिकटला की तिथे निकेल चढत नाही, बारीक खळगा पडतो, आणि गिऱ्हाईक नेमकं त्या खळग्यावर बोट ठेवतं. मी ज्यांना जन्मभर हाकललं त्यांना तू आमंत्रण देऊन बोलावतेस. भाची शोभतेस खरी.

सोबत एक हुक पाठवतो आहे. दुकानाच्या पहिल्या ऑर्डरीतला आहे, माझ्या हाताने निकेल चढवलेला. दुकान होतं तोवर माझ्या डोळ्यांसमोर खिळ्याला असायचा. पाठवण्याआधी मीच घासून चकचकीत केला. माझं निकेल आहे, तुझ्या नातवंडांपर्यंत सुटायचं नाही. मात्र त्याला कामाला जुंपू नकोस. मानाचा आहे, नुसता समोर असू दे.

आणि फोन करू नकोस. पॉलिशच्या मोटरींनी माझे कान केव्हाच नेले. फोनवर मी ‘हो, हो’ म्हणतो ते काही न ऐकताच म्हणतो, हे तुझ्या मामीला फार उशिरा कळलं. तोवर मी बऱ्याच गोष्टींना हो म्हणून बसलो होतो.

तुझा,
मामा


१९ जानेवारी

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. अर्ध्या टेबलापाशी तो घालायला जागा नाही, तेव्हा मनातल्या मनात घातला आहे असं समज. आता उरलेले आशीर्वाद पाठव.

मी नुसते बुडबुडे काढत नाही. दुपारी उन्हाची वीज इतकी तयार होते की घ्यायला कुणी नसतं, आणि दिवेलागणीला सगळे मागतात तेव्हा ऊन गेलेलं असतं. म्हणून दुपारच्या विजेने पाणी फोडायचं, निघालेला हायड्रोजन भरून ठेवायचा आणि लागेल तेव्हा इंधन म्हणून जाळायचा. जळल्यावर त्याचं पुन्हा पाणीच होतं. ऐकायला इतकं सोपं आहे की आईला वाटतं, हे अजून कुणी केलं कसं नाही.

अडचण अशी आहे की पाणी फोडायला लागायला हवी त्यापेक्षा कितीतरी जास्त वीज जाते. ऑक्सिजन निघतो त्या पट्टीपाशी ती रखडते आणि नुसतीच उष्णता होऊन वाया जाते. जगभरचे लोक पट्ट्या बदलून बघतात. आमचे सर म्हणतात, पट्टी साधी निकेलचीच ठेवा, पाणी बदला. शुद्ध पाण्यातून वीज नीट जात नाही म्हणून त्यात कॉस्टिक पोटॅश असतंच. त्या द्रवात आणखी चिमूटभर कोणता क्षार घातला तर वीज वाचेल, हे शोधणं माझं काम. टेबलावर दोन सेल आहेत. डाव्यात नुसतं पोटॅश, उजव्यात पोटॅश आणि क्षार. बाकी सगळं तंतोतंत सारखं. उजव्याला कमी व्होल्ट लागले की क्षार पास. आत्तापर्यंत सव्वीस नापास झाले आणि सत्ताविसावाही त्याच वाटेवर आहे.

पोटॅश मात्र आधी धुवावं लागतं. विकतच्या पोटॅशमध्ये लोखंडाचा अंश असतो. तो जरासा राहिला तरी निकेलची पट्टी आपोआप चांगलं काम करू लागते, आणि मग श्रेय कुणाचं तेच कळत नाही. एका बाटलीमागे आठ दिवस धुते मी.

हुक मिळाला. मानाच्या जागी आहे. सरांना मात्र तो कुणी दिला हे सांगितलं नाही, त्यांना शकुनबिकुन मानणाऱ्यांचा राग आहे. त्यांचं लाल पेन सापडलं नाही तर ते त्या दिवशी कुणाचा प्रबंध तपासत नाहीत, पण ती शिस्त.

तुझी,
चौकशी


२ फेब्रुवारी

चि. चौकशी हिस,

आशीर्वाद, मागच्या बाकीसकट.

तुझं पत्र मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरगी आठ दिवस पोटॅश धुते आणि घरी आली की स्वतःचा कप विसळत नाही. मी तुझी बाजू घेतली नाही.

लोखंडाचं वाचून मात्र मी चष्मा काढून पुसला. तुझ्याकडे लोखंडाने काम सुधारतं? माझ्याकडे लोखंडाइतका वैरी कुणी नव्हता. एकदा आमच्या पॉलिशवाल्याच्या हातून टाकीत पाना पडला. माझा भागीदार, हल्ली रोज संध्याकाळी माझ्याशी बुद्धिबळात हरायला येतो तोच. पाना पडला आणि हा भीतीने तीन दिवस बोललाच नाही. चौथ्या दिवशी निघालेलं सगळं काम खरखरीत, हात लावला तर कुसळं टोचावीत तसं. अख्खी टाकी गाळावी लागली. मी त्याला विचारलं, “तीन दिवस काय तोंडात मूग धरले होतेस?” तर म्हणतो, “वाटलं, विरघळून जाईल.”

एकच सांगतो. टाकीजवळ लोखंड नुसतं आत पडून येत नाही. वरून येतं. वाफेतून येतं, तुषारांतून येतं. खाराच्या द्रवाला पाय असतात, तो तार धरून वर चढतो, जे सापडेल ते चाटतो आणि परत खाली उतरतो. तेव्हा टेबलाच्या वरही बघत जा. पुस्तकात हे लिहिलेलं असेलच म्हणा.

मामा


२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

बसला आहेस ना? मामीलाही बसव.

अठ्ठाविसावा क्षार पास झाला! नुसता पास नाही, पहिला आला. डाव्या सेलला एक पूर्णांक ब्याण्णव व्होल्ट लागतात. उजव्याला आज सकाळी एक पूर्णांक चौऱ्याहत्तर. तुला हा फरक बारीक वाटेल, पण या धंद्यात एवढ्यासाठी लोक म्हातारे होतात. आणि गंमत म्हणजे तो दिवसागणिक सुधारतोय. पहिल्या दिवशी काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी थोडं, आठव्याला आणखी, आणि आज एकविसाव्या दिवशी हा आकडा!

सर तर उडालेच. त्यांनी दोन दिवसांत उपपत्ती मांडली. या क्षाराचे कण अंगाने मोठे आहेत, ते हळूहळू पट्टीजवळ रांग धरून उभे राहतात आणि पाण्याला वाट करून देतात. म्हणून वेळ लागतो आणि म्हणून सुधारणा होत जाते. त्याचं त्यांनी रंगीत चित्र काढून घेतलंय, दारातून आत येताच दिसेल असं लावलंय. कण निळे आहेत, पाणी गुलाबी. सुंदरच दिसतं.

अठरा एप्रिलला पाहणी समिती येते आहे. त्यांना पटलं तर त्यांच्या दोन मजली प्लांटमध्ये अठ्ठाविसावा क्षार जाईल आणि मी कायम होईन. सहा वर्षं दर मार्चमध्ये हात जोडून मुदत वाढवून घेते आहे. मामा, मला या वेळी फार हवंय हे. इतकं की मोजताना श्वास रोखून धरते, जसा काही माझ्या श्वासाने आकडा हलणार आहे.

हुक अजून डोळ्यांसमोरच असतो. चांगल्या पायगुणाचा निघाला.

चौकशी


१ मार्च

चि. चौकशी हिस,

अनेक, अनेक आशीर्वाद. तुझ्या मामीने बातमी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचवली. आता जिन्यात भेटेल तो मला विचारतो की पाण्यावर चालणारी गाडी कधी येणार. मी म्हणतो, भाचीला विचारून सांगतो.

पॉलिशवालाही खूश झाला. त्या आनंदात त्याने माझा वजीर मारला, ते मी विसरलेलो नाही.

एक शंका आहे. मी अडाणी माणूस, उंटावरून शेळ्या हाकतो आहे असं वाटलं तर पत्र इथेच घडी कर. दिवसागणिक सुधारतो, हे मला पचत नाही. एकेचाळीस वर्षांत मी आपणहून सुधारलेली टाकी पाहिली नाही. टाकी माणसासारखीच असते, दिवसागणिक बिघडते. सुधारायला लागली तर समजावं, कुणीतरी काहीतरी घालतंय.

तेव्हा चार गोष्टी कळव. पाणी कुठलं वापरतेस? भांडं कशाचं? पट्टीवर तपकिरी झाक आली आहे का? आणि पट्टी कशाला टांगली आहेस?

मामा


१४ मार्च

ती. मामा यांस,

सा. नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. आमच्याकडे हे सगळं अर्थातच तपासलेलं असतं. पाणी तीनदा शुद्ध केलेलं. भांडं काचेचं नाही, कारण पोटॅश काच खातं. खास प्लॅस्टिकचं आहे. पट्टीवर किंचित झाक आहे, पण सरांच्या मते ती अठ्ठाविसाव्या क्षाराचीच आहे आणि त्यांच्या चित्राशी जुळते. ही प्रयोगशाळा आहे, मुलामा देण्याचं दुकान नाही. इथे पाने पडत नाहीत.

समितीची तयारी चालू असल्यामुळे सविस्तर लिहायला वेळ नाही. मामींना नमस्कार.

आपली,
भाची


२० मार्च

चि. चौकशी हिस,

आशीर्वाद.

तुझ्या पत्रात मला ‘तुम्ही’ म्हटलंस. एवढा मान मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता. मामीने ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, “पोरगी रागावली आहे किंवा घाबरली आहे.” मी म्हटलं, “दोन्ही नाही, ती कामात आहे.” हे मी तुझी बाजू घ्यायची म्हणून बोललो. मला मनातून मामीचंच खरं वाटलं.

तू सहा वर्षांची होतीस तेव्हा माझ्या दुकानातली मोजपट्टी मोडली होतीस. मी विचारलं, दुकानात कधी आलीस, कुणाबरोबर आलीस, काय खाल्लंस, मोजपट्टी कुठे आहे. तू तिन्हींची खडान्‌खडा उत्तरं दिलीस आणि चौथ्याच्या वेळी विचारलंस, “मामा, निकेल हिरव्या पाण्यातून पांढरं कसं निघतं?” तिथून तुझं नाव चौकशी पडलं. घरात सगळ्यांना वाटतं ते हुशारीमुळे पडलं.

या वेळीही मी चार प्रश्न विचारले आणि तीनच उत्तरं आली.

मी आता यावर काही बोलणार नाही. उगीच म्हाताऱ्याची कटकट. फक्त एवढंच कळव, हुक कुठे आहे?

मामा


२ एप्रिल

मामा,

हुक आता माझ्या समोर, कागदावर आहे. तो आधी कुठे होता ते सांगते.

सत्ताविसावा क्षार नापास झाला त्या दिवशी मी फार वैतागले होते. अठ्ठाविसावा लावताना तुझा हुक खिळ्यावरून काढला आणि उजव्या सेलची पट्टी त्यालाच टांगली, त्यालाच विजेचा चिमटा लावला. म्हटलं, मामाच्या हातचा आहे, होऊन जाऊ दे. फक्त उजव्यालाच. डावी पट्टी नेहमीच्या शुद्ध निकेलच्या तारेवर. ‘बाकी सगळं तंतोतंत सारखं’ असं मी तुला लिहिलं, सरांना सांगितलं, वहीत रोज सही करून लिहिलं. आणि मला खरोखर तसंच वाटत होतं. हुक हा मला प्रयोगाचा भाग वाटलाच नाही, तो घरचा होता.

तुझं पत्र आल्यावर अख्खा एक दिवस मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. मग चोवीस मार्चला काढला. उजव्यात कोरी पट्टी, शुद्ध तार, अठ्ठाविसावा क्षार तसाच. एक पूर्णांक ब्याण्णव. आठ दिवस झाले, जागचं हललं नाही. आणि हुक डाव्या सेलवर लावला, जिथे कुठलाच क्षार नाही. आज नवव्या दिवशी तिथे एक पूर्णांक ऐंशी आहे.

भिंगाखाली बघितलं. वरून आरसा आहे. पण वळणाच्या आतल्या बाजूला निकेलचा पापुद्रा सुटलाय आणि खाली तांबडं लोखंड आहे. पोटॅश पट्टी धरून वर तिथवर चढत होतं, चाटत होतं आणि खाली उतरत होतं. तू लिहिलं होतंस अगदी तसंच. आठ दिवस खपून मी पोटॅशमधलं लोखंड धुऊन काढलं आणि मग शकुन म्हणून त्याच्या डोक्यावर लोखंड टांगलं. अठ्ठावीस क्षार पालथे घातले आणि जे काम करत होतं ते माझ्याच हाताने खिळ्यावरून काढलेलं. काखेत कळसा, गावाला वळसा.

सरांना अजून सांगितलं नाही. समितीला सोळा दिवस आहेत. चित्र अजून दारासमोर आहे. काल शिपाईसुद्धा मला म्हणाला, “मॅडम, आता कायम होणार म्हणे तुम्ही.” मी हसले. कुणाला काही न सांगता तोच हुक पुन्हा उजवीकडे लावला तर अठरा तारखेपर्यंत आकडा परत येईल. हे मी गणित करून बघितलंय मामा. ते केलं याचीच मला लाज वाटते आहे.

आणि एक विचारते, रागावू नकोस. नातवंडांपर्यंत सुटायचं नाही म्हणाला होतास ना तुझं निकेल?

चौकशी


७ एप्रिल

चि. चौकशी हिस,

रागावलो नाही. पत्र वाचून उठलो, पाणी प्यायलो आणि परत बसलो. मामी विचारत होती काय झालं, तिलाही अजून सांगितलं नाही. आधी तुला सांगतो.

तो हुक पहिल्या ऑर्डरीतला आहे हे खरं. ती ऑर्डर परत आली होती, हे मी गाळलं.

तीनशे हुक होते. लोखंडावर निकेल चढवण्याआधी ते ॲसिडमधून काढावं लागतं, नाहीतर अंगावरचा बारीक गंज तसाच राहतो आणि निकेल त्याच्यावर नुसतं बसतं, धरत नाही. त्या दिवशी मला घाई होती. कसली घाई होती ते आता आठवतही नाही, एवढी ती महत्त्वाची होती. पॉलिशवाल्याने टाकीजवळ येऊन विचारलं, “ॲसिडमधून काढलेस ना?” मी म्हटलं, “हो.”

महिन्याभरात तीनशेच्या तीनशे परत आले, पापुद्रे सुटलेले. पॉलिशवाला डोक्याला हात लावून बसला. मी म्हटलं, इथलं पाणी वाईट आहे. त्याने विश्वास ठेवला. इतका ठेवला की वर्षभरात आम्ही दुकान दुसऱ्या गल्लीत हलवलं, चांगल्या पाण्यासाठी! छत्रीवाला अजून त्याच पाण्याचा चहा पितो आणि ठणठणीत आहे.

त्यातला सगळ्यात कमी बिघडलेला एक हुक मी खिळ्याला लावला. लोकांना वाटायचं पहिली कमाई म्हणून लावलाय. मी तो रोज बघून ॲसिडची टाकी आठवावी म्हणून लावला होता. त्यानंतर एकेचाळीस वर्षांत माझं एकही काम सुटून परत आलं नाही, ते या हुकामुळे. म्हणून तुला दिला. पण भाचीला भेट म्हणून कुणी आपली फजिती पाठवतं का? मग फजिती चांगली घासली आणि पराक्रम म्हणून पाठवली. कामाला जुंपू नकोस म्हणालो ते मानाचा आहे म्हणून नव्हे, कामाचा नाही हे मला माहीत होतं म्हणून.

तू काय करावंस हे सांगायला मला तोंड नाही. फक्त अनुभव सांगतो. ‘हो’ म्हणायला क्षणभर लागला. नंतर दुकान हलवावं लागलं, पाण्याला शिव्या द्याव्या लागल्या, रोज संध्याकाळी त्या माणसासमोर पट मांडून बसावं लागलं. त्याला मी सहसा हरवतो याचंसुद्धा मला कधी नीट सुख झालं नाही. तू सहा वर्षं थांबली आहेस. तुझं दुःख मला कळतं गं, खरंच कळतं. पण त्यांचा प्लांट दोन मजली आहे, तो दुसऱ्या गल्लीत हलवता येणार नाही.

मामा


२१ एप्रिल

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार, या वेळी खराखुरा. टेबलाखालून पेन काढायला वाकले होते, त्यातच घातला.

सरांना दहा तारखेला सांगितलं. त्यांनी आधी चित्राकडे बघितलं. मग म्हणाले, “निकेलला लोखंड लागलं की काम सुधारतं, हे या विषयातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.” मी म्हटलं, “हो सर.” मग ते म्हणाले, “आपण दोघं सोडून.” हे मात्र ते फार हळू म्हणाले. मला त्या क्षणी ते पहिल्यांदा आवडले.

अठरा तारखेला मी समितीसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. अठ्ठाविसावा क्षार निरुपयोगी आहे, आकडा हुकाचा आहे, हुक मामाचा आहे. हुक ताटलीत ठेवून फिरवला. एकाने तो उलटा धरून विचारलं, हे यंत्र चालतं कसं.

समितीत एक वयस्कर इंजिनिअर बाई होत्या. त्यांनी भिंगाने वळण बघितलं आणि विचारलं, “किती दिवस टिकलं?” मी म्हटलं, त्रेपन्न, आणि मी काढला म्हणून थांबलं. त्या म्हणाल्या, “आम्ही लोखंड सरळ द्रवात घालतो. पट्टी चार दिवस खूश असते, मग लोखंड सुटून जातं आणि पहिले पाढे पंचावन्न. हा हुक ते थेंबाथेंबाने परत देत राहतो.” मग हिशेब सगळ्यांच्या लक्षात आला. मुलामा चांगला असता तर काहीच सुटलं नसतं. मुलामा नसताच तर भसकन सगळं गेलं असतं. हवं तेवढंच, हवं तितक्या सावकाश सोडायला मुलामा नेमका असाच वाईट हवा.

कायम झाले नाही. सहा महिने मुदत वाढवून मिळाली आहे. प्लांट तूर्त थांबला. नवीन विषयाचं नाव मोठं आहे, द्रवात लोखंडाचं प्रमाण नियंत्रित राखण्याबद्दल. मनातल्या मनात मी त्याला ‘मामाची घाई’ म्हणते. सर सगळ्यांना सांगतात की त्यांना पहिल्यापासून संशय होता. चित्र तसंच आहे, फक्त निळ्या कणांच्या जागी तांबडे करून घेतलेत.

आता काम. बाईंना एका हुकावर भरवसा नाही, त्या म्हणतात तसेच बारा हवेत, सगळे एकसारखे वाईट. अशा हुकांची कृती कुठल्या पुस्तकात नाही. ती येणारा जगात एकच माणूस आहे.

आणि मामा, मी माझं सांगून मोकळी झाले. तू पॉलिशवाल्या काकांना सांगितलंस का?

चौकशी


२९ मे

चि. चौकशी हिस,

अनेक आशीर्वाद. उशीर झाला, कारणं पुढे येतात.

तू समितीसमोर उभी राहिलीस हे वाचून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मामीला वाचून दाखवताना मध्येच चष्मा पुसायला थांबलो, तर तिने पत्र हातातून घेतलं आणि उरलेलं मला वाचून दाखवलं. तिने सबंध इमारतीत सांगितलंय की समितीने भाचीचं ऐकून प्लांट थांबवला. ऐकणाऱ्यांना वाटतं, तुझा फारच वट आहे. मी दुरुस्ती केली नाही.

जुनं दुकान ज्याला दिलं त्याच्याकडे एक दिवस टाकी मागून घेतली. बारा हुक केले. संध्याकाळी वाकवून, ठोकून बघितले, एकाचाही पापुद्रा सुटेना. मग लक्षात आलं, मी ते ॲसिडमधून काढले होते. विचार न करता, हातानेच. दुसऱ्या दिवशी ठरवून गेलो की आज काढायचे नाहीत. मालकाशी बोलता बोलता परत काढले. एकेचाळीस वर्षं हाताला जे शिकवलं ते हात एका दिवसात विसरेना. चोवीस हुक उत्तम झाले. कुणाला हवे असतील तर विचार.

तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो नाही. पट घेऊन पॉलिशवाल्याकडे गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने पट आवरला, सोंगट्या डबीत भरल्या आणि आत गेला. त्यानंतर अकरा दिवस तो आला नाही. पाना पडला तेव्हा तीन दिवस गप्प होता, त्यापेक्षा हे आठ जास्त. मी रोज सहा वाजता पट मांडायचो आणि आठला उचलायचो. मामी मध्येच चहा ठेवून जायची, एकच कप, तेव्हा फार वाईट वाटायचं.

बाराव्या दिवशी तो सकाळीच आला, कामाचे कपडे घालून. म्हणाला, “पाणी चांगलं होतं तर.” मी म्हटलं, “चांगलं होतं.” म्हणाला, “ती गल्ली घरापासून जवळ होती माझ्या. जेवायला जाता यायचं.” मग म्हणाला, “भाचीचं काम अडलंय ना? चल.”

तो नसता तर हे हुक झालेच नसते. मी ॲसिडच्या टाकीकडे वळलो की तो माझा दंड धरून पुढे ढकलायचा. बारा हुक तारेत ओवून आम्ही निकेलच्या टाकीपाशी आलो. मी तार आत सोडणार तेवढ्यात त्याने हात आडवा धरला आणि तेव्हा विचारलं होतं अगदी त्याच आवाजात विचारलं, “ॲसिडमधून काढलेस ना?”

मी म्हटलं, “नाही.”

“बरं,” तो म्हणाला, आणि हात बाजूला घेतला.

हुक सोबत पाठवतो आहे. बाराही सुटतील, आम्ही दोघांनी बघितले आहेत.

तुझा,
मामा